कुंदाचे हप्ते

३ जून, मुलुंड

कुंदा यंदा शेत पडीक टाकणार म्हणते! तिची लेक जान्हवी आज मालाडहून आली, तिच्याकडून कळलं. नांगरणीला ट्रॅक्टरवाला आगाऊ पैसे मागतो, आणि शेतकऱ्यांना सरकारकडून येतात ते दोन-दोन हजारांचे हप्ते कुंदाला माझा भाऊ नंदू गेल्यापासून मिळालेलेच नाहीत. सगळ्या वाडीला मिळतात. "तक्रारसुद्धा करत नाही गं आत्या. विचारलं की विषय बदलते."

मी पाठवू म्हटलं, तर जान्हवी हसली. "घेईल ती?"

नाहीच घेणार.

४ जून

दिवसभर नंदू आठवतोय. शेत बघायला मुलगा हवा म्हणून आजोबांनी त्याला गावी ठेवून घेतलं, आणि मी इथे कॉन्व्हेंटात — निळा पिनाफोर, पांढरे मोजे. मे महिन्यात गेले की तो माझ्याकडून इंग्रजी कविता म्हणवून घ्यायचा आणि पोट धरून हसायचा. त्याच शेतात यंदा गवत?

७ जून

जान्हवीने मोबाइलवर सरकारी यादी काढली. कुंदाचं नाव आहे! हप्ते जमा दाखवतंय — सगळेच्या सगळे. बँक कुठली? आमच्या मुलुंडचीच.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नंदूच्या आजारपणात दोघं सहा महिने इथे होती, तेव्हा कुंदाचं खातं मीच उघडून दिलं, आधारही जोडलं. सरकारी पैसे म्हणे आधार शेवटचं जिथे जोडलं तिथेच जातात. पासबुक, कार्ड, सगळं माझ्या कपाटात. "तुमच्याकडेच राहू दे, वन्सं," म्हणाली होती.

शरद नवऱ्याच्या हक्काने म्हणाले, "बाईसाहेब सरकारला नावं ठेवत बसल्या असत्या, आणि तीन वर्षांचे पैसे साड्यांखाली!" म्हणू देत.

९ जून

बँक उघडायच्या आधीच दारात उभी होते. पासबुक छापून घेतलं — अठरा हजार! नांगरणी, बियाणं, मजूर, सगळं भागेल. रस्त्यातूनच कुंदाला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, माझी चूक, माफ कर म्हटलं.

ती म्हणाली, "वन्सं, पैशे थंय जमा होतत ता माका म्हायत होता. तुमी ते पैशे काढतास असाच वाटला माका. तुमी भावासाठी एवढो खर्च केलास, तो असो तरी फिटांदे."

सेतू केंद्रातल्या मुलीने तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, खातं बदलून देते. हीच नको म्हणाली, माझं देणं असं तरी फिटावं म्हणून.

फोन ठेवून तशीच घरी आले. भाजी घ्यायची राहिली.

१० जून

गावी जायला शनिवारचं कुडाळचं तिकीट काढलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

हॉस्पिटलचं बिल मी भरलंच नव्हतं. नंदूने भरलं, कुंदाच्या म्हातारपणासाठी गुपचूप साठवलेल्या पैशांतून. "तिला कळता कामा नये, ताई. तू भरलंस म्हण." मी तसंच म्हटलं.

तो गेल्यावर कुंदा माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.