आत्याच्या मशीनवरचं झाकण

४ फेब्रुवारी

चि. मिठूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फिजिओथेरपिस्टबाई, जगाचे खांदे फिरवून सवड झाली असेल, तर आत्यालाही एक खांदा आहे हे आठव. उजवा. केस विंचरायलासुद्धा वर जात नाही.

निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता काय, दिवसभर लिही! दादाने, म्हणजे तुझ्या बापाने, वरची खोली रंगवली, टेबल करवून घेतलं. जहाज कंपनीत जन्मभर मी साहेबांची पत्रं टंकली आणि डब्याच्या सुट्टीत, स्टेशनरीच्या खोलीत खोक्यावर बसून पुस्तकं लिहिली. मग अख्खा दिवस मिळाल्यावर काय काय करीन! सकाळी बसायचे ती दिवे लागेपर्यंत. ताट तसंच निवायचं. नव्या कादंबरीची निम्मी प्रकरणं धडाधड झाली. मग खांदा धरला, पाठोपाठ डोकंही. महिना झाला, एक ओळ नाही. टाइपरायटरवर कागद चढवते, समोरच्या लॉन्ड्रीतल्या चादरी बघते, कागद उतरवते.

दादा म्हणतो, प्रेरणा येईल. ती काय पोस्टमन आहे? कॉन्व्हेंट शाळेत मी ‘प्रेरणा येईल’ म्हणाले असते तर सिस्टरनी फळा पुसायला लावला असता.

भीती एकच आहे. मी डब्याच्या सुट्टीपुरतीच लेखिका होते की काय?

व्यायाम लिहून पाठव. लोभ आहेच, तो उपदेशात वाया घालवू नकोस.

तुझी,
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. व्यायामाचा कागद सोबत आहे. उपदेश नको म्हणालीस, म्हणून नुसती आठवण देते. ऑफिसातून तुझी पत्रं यायची, त्यात तुमच्या हेडक्लार्कला, त्या घुबडाला, शिव्या नाहीत असं एकही नसायचं. नायिका दारात उभी असतानाच मेला उठवतो, म्हणायचीस. आत्या, तुझा खांदा त्या मेल्यानेच सांभाळला. त्याने उठवलं की तू चरफडत जिने चढायचीस, दुपारभर मनातल्या मनात नायिकेशी बोलायचीस आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत पुढचं वाक्य तयार! आता उठवणारं कुणी नाही. विहीर तळापर्यंत उपसलीस आणि पाणी नाही म्हणून विहिरीवरच चिडतेस.

म्हणून मी घुबडाची जागा भरली आहे. बाबा रोज जेवणाच्या वेळी वर येऊन मशीनवर झाकण घालतील, खोलीला कुलूप लावतील. ते सकाळीच उघडेल. वाक्य अर्धं तर अर्धं. तोवर हवं ते टंक, शिव्यासुद्धा. तू काहीही बोललीस तरी ऐकू आलं नाही असं दाखवायचं, हे त्यांना बजावून ठेवलं आहे.

राग धर, लोभ मात्र सोडू नकोस.

तुझी,
मिठू

२ मार्च

चि. मिठूस,

आशीर्वाद, थोडे हातचे राखून. आधी खरोखरच नुसत्या शिव्या टंकल्या. पानं झकास झाली, छापण्याजोगी नाहीत. पण त्या शिव्यांतूनच कादंबरीतला मुकादम उभा राहिला आणि गाडी हलली.

परवा नायिका धक्क्यावर तार हातात घेऊन उभी, आणि तुझा बाप साधं खोकलासुद्धा नाही, सरळ झाकण! मी जे बोलले ते थोरल्या भावाला बोलू नये. त्याने जेवण गार होतंय एवढंच सांगितलं. मी अबोला धरला. तर संध्याकाळी मी भांडी विसळत असताना मनातल्या मनात नायिकेने तार न वाचताच फाडली! वर धावले, तर किल्ली दादाच्या खिशात. सकाळी चहाच्या आधी टंकून काढलं. तारेत काय होतं ते आता मलाही कळायचं नाही.

केस विंचरता येतात. याचा अर्थ तुझं बरोबर होतं असा काढू नकोस. जीव लाव, जीव खाऊ नकोस.

तुझी,
आत्या

२० मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे नीट झालं. डोळ्याला पट्टी आहे, पण जीव तुझ्या मशीनपाशी. मी त्यांना इकडे घेऊन आले तेव्हा किल्ली तुलाच देऊन आलो, आणि आता प्रकाशकाने घाई लावल्याचं तुझं कार्ड. पुन्हा दिवे लागेपर्यंत बसशील, खांदा जाईल, पुस्तकही. शनिवारी पहाटेच्या गाडीने बाबांना घेऊन येते, चार दिवस राहते. झाकण मी घालीन.

तोवर जपून. माया आहे तशी असू दे.

तुझी,
मिठू

२४ मार्च

चि. मिठूस,

अनेक आशीर्वाद. दादाला डोळा चोळू नकोस म्हणावं, लहानपणापासून खोड आहे.

तू भ्यालीस ते खोटं नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी दिवे लागेपर्यंत बसले. फार शहाणी वाटले स्वतःला. दुसऱ्या दिवशी हात उचलेना आणि आदल्या दिवशीचं प्रकरण वाचवेना. फाडलं. पुढे जेवणाच्या वेळी जिन्यावर पावलं वाजतात का ऐकत बसले. कोण येणार? एका उद्गारचिन्हापाशी मीच उठले. किल्ली फिरवताना इतका संताप आला की काय सांगू.

रोज उठते. संताप रोज येतो, आणि पानही.

प्रकाशकाला कळवलं की पुस्तक व्हायचं तेव्हा होईल. त्याचे इतर लेखक म्हणे रात्रंदिवस लिहितात. म्हटलं, मग त्यांचीच छापा. कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत, आणि पुढची कादंबरी कुठली ते मनात यायला लागलं आहे.

शनिवारी या. सकाळी पोचलात तर खालीच बसा, चहा करून घ्या, आणि वर कुणी येऊ नका. जेवायच्या वेळी मी आपली आपण खाली उतरेन.

लोभ भरपूर ठेव.

तुझी,
आत्या