गोळ्यांच्या जोडीला हळद

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी गेल्यापासून तुझी पत्रं दोन ओळींवर आली आहेत. सोबत हळदीच्या कॅप्सूल पाठवते आहे. आमच्या छापखान्यातल्या बाईंची रक्तातली साखर म्हणे यानं उतरली. पी हळद नि हो गोरी असं काही होणार नाही, पण तुझ्या गोळ्यांच्या जोडीला घेऊन बघ.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी,
ठमी

ता. २० जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

बाटली पोचली. कॅप्सूल घशात अडकते, म्हणून फोडून दुधात घालतो. काल एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीवर माझा पिवळा अंगठा उमटला. तब्येत ठणठणीत आहे. काळजी नसावी.

तुझा,
दादा

ता. १२ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

घड्याळातले स्क्रू हल्ली दोन-दोन दिसायला लागले, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. साखर भलतीच वाढली आहे. खरं सांगतो, तुझी बाटली आली तेव्हाच मी गोळ्या सोडल्या. तुझी वहिनी जेवताना पेल्याशेजारी गोळी काढून ठेवायची. आता दुकानातून आणलेलं पाकीट फडताळात पडून राहतं, फोडावंसं वाटत नाही. तुझी बाटली निदान कोणीतरी पाठवलेली होती.

डॉक्टर म्हणाले, हळदीनं थोडाफार फरक पडतही असेल, पण ती गोळ्यांची जागा घेत नाही. कॅप्सूल तूर्त बंद केल्या आहेत. डोळेही तपासायचे आहेत. दृष्टी गेली तर दुकान गेलं, आणि दुकानाखेरीज मला बोलायला कोणी नाही. आता पार्सल पाठवायला नको. पत्राचंही ओझं वाटून घेऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. १८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शहाणाच आहेस. डॉक्टरांची चिठ्ठी पाठव. यापुढे तुझ्या गोळ्या मी इथून घेऊन पाठवीन. पाकिटावर तुझं नाव माझ्या अक्षरात असेल, मग फोडशील ना? तोवर फडताळातल्या घे. मला ओझं होत नाही. छापखान्यातून परतल्यावर माझ्याही खोलीत चार भिंतीच असतात. पार्सल बांधताना तेवढं बरं वाटतं.

आणि मी यावंसं वाटलं तर त्यासाठी आजारी पडू नकोस. नुसतं तसं लिही.

गोळी आणि लोभ, दोन्ही रोज असावीत.
तुझी,
ठमी

ता. २४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गोळी घेतली.

ये.

दादा