गिरिजा तळ्यात उडी घेत नाही

बसवनगुडी, बंगळूर
१४ नोव्हेंबर १९९४

ती. अप्पामामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र आपल्या धाकट्या शुभंकरकडून लिहवून घेते आहे, शब्द माझेच. तुमची कथा असलेला दिवाळी अंक पोचला. कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसणारी आंधळी गिरिजा म्हणजे मीच, हे इथं सगळ्यांनी ओळखलं. ती भेटेल त्याचा चेहरा चाचपते. मामा, मी आजवर एकाचाही चाचपलेला नाही. साहेबांचा चाचपला तर नोकरी जाईल!

शेवटी धाकट्या भावाचं लग्न अडू नये म्हणून ती तळ्यात उडी घेते. तिथं शुभंकर वाचायचाच थांबला. अक्का, पुरे, म्हणाला. मी हट्टानं पुढचं वाचायला लावलं.

आता इथलं मराठी मंडळ संक्रांतीला त्यावर नाटक करणार आहे. परवानगी देण्याआधी शेवट बदला, एवढंच मागणं. मामींना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वासंती


पुणे
२५ नोव्हेंबर १९९४

चि. वासंतीस अनेक आशीर्वाद.

ती कथा मी रडत रडत लिहिली गं. वाचकांची पत्रं अजून येताहेत, सगळ्यांचे डोळे पाणावले. गिरिजा जगली, रोज बसनं कामावर गेली, तर गोष्ट कुठं उरते? शेवट बदलणार नाही.

तुझी मामी मात्र माझ्यावर रागावली आहे. लिहिण्याआधी वासंतीला एकदा तरी विचारलंत का, एवढंच तिनं मला विचारलं.

बसमध्ये चढताना जपून. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा अप्पामामा


बसवनगुडी
५ डिसेंबर १९९४

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामींचा प्रश्न माझाही आहे. मे महिन्यात पंधरा दिवस इथं होतात. माझी काठी, माझी बोटं न्याहाळत होतात, असं आई सांगते. मला काय हवंय, ते विचारलं नाहीत.

परवा मंडळाचे चिटणीस त्रिविक्रमराव यांना भेटले. मला रंगमंचावर बुडवलंत तर मी प्रेक्षकांतून उठून उभी राहीन, असं सांगितलं. ते म्हणाले, आता दुसरं नाटक कुठून आणू? सरी, बरं तर, म्हटलं, मीच देते. सबंध रविवार मी सांगत होते आणि शुभंकर लिहीत होता. माझी गिरिजा बढतीसाठी साहेबांशी भांडते. प्रत सोबत आहे. चुका स्पष्ट कळवा, भाची म्हणून सूट नको.

तुमची वासंती


पुणे
१६ डिसेंबर १९९४

चि. वासंतीस शुभाशीर्वाद.

मामीनं तुझं नाटक मोठ्यानं वाचलं. साहेबांशी भांडणाच्या प्रवेशात आम्ही दोघं पोट धरून हसलो. गिरिजा बढतीचा कागद शिपायाकडून तीनदा वाचून घेते, तिथं मला चष्मा काढून पुसावा लागला, आणि कुणी मेलेलं नव्हतं. माझ्या कथेला परवानगी नाही, वासंतीचंच नाटक करा, असं त्रिविक्रमरावांना कळवलं आहे.

एक विचारतो. गिरिजाला दिसत नाही म्हणून तिच्याशी ओरडून बोलणारा, आणि तिला विचारायचं ते तिच्या आईला विचारणारा नाटकातला मामा, तो मीच ना? मी असं करतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला काढू नकोस.

त्या मामाच्या कामाला अजून कुणी मिळालं नसेल, तर मी येतो.

तुझ्या लोभाचा भुकेला,
अप्पामामा