तुझी यादी मी पाळणार नाही

चि. चिमणीस, हट्टी बाबाचे आशीर्वाद.

सुपरहिरोंच्या सिनेमांची आणि मालिकांची तुझी यादी मिळाली. कथेतल्या काळाप्रमाणे बघ, आणि पहिले पाच जुनाट आहेत, ते सोडून दे, असं बजावलंयस. माझ्या खोलीत राहणारा इलेक्ट्रिशियनही तुझीच री ओढतो. तुम्ही दोघं काहीही म्हणा, मी एकही सोडणार नाही. ते जसे येत गेले तसे तू ज्या क्रमाने पाहिलेस, त्याच क्रमाने मी बघणार.

वेल्डिंग करताना डावा हात जरासा भाजला, म्हणून आठवडाभर सुट्टी आहे. आईला एवढंच सांग की बाबा आराम करतोय. तिचे गुडघे कसे आहेत?

ते पहिले पाच आले तेव्हा मी इथेच, परदेशात होतो. तू फोनवर गोष्ट सांगायचीस आणि मी नुसतं हं हं करायचो. पाचव्यात तुझा लाडका हिरो मेला, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. हुंदके थांबत नव्हते तुझे. मी म्हणालो होतो, अगं, सिनेमाच तर आहे.

काल दुपारी पाचवा पाहिला, आणि तो मेला. इलेक्ट्रिशियनने माझे डोळे बघून विचारलं, हात फार दुखतोय का? मी हो म्हणालो.

तुझाच,
बाबा