कारंज्याभोवतीचे प्रावरण

प्रति,
मा. महासंचालक,
भूगर्भ संशोधन खाते, मुख्य कार्यालय.

विषय : विभागप्रमुखांच्या बंगल्याच्या बागेतील दगड त्यांच्याच हातून जमिनीखालच्या खोलीप्रमाणे लावून घेण्याबाबत.
संदर्भ : बागेची नासधूस केल्याबद्दल मला आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. नोटीस मिळाली. आरोप खरा आहे. विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात, पाहुण्यांच्या देखत, मी कारंज्याभोवतीचे दगड पहारीने उपटले. पहार घरूनच नेली होती. तथापि ते दगड कोणते, हे आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे.

२. माझे दिवंगत पती आपल्याच खात्यात भूवैज्ञानिक होते. पृथ्वीला वर कवच, त्याखाली प्रावरण आणि पार आत गाभा. माणसाचे यंत्र कवचातच थकते, हे ते जाणून होते. पण फार पूर्वी प्रावरणातून वर ढकलला गेलेला खडक एका ठिकाणी हाती लागेल, असा त्यांचा होरा होता. तिथे त्यांनी वर्षानुवर्षे एकच छिद्र खोल नेले. आम्ही शेजारीच पत्र्याच्या खोलीत राहत होतो. यंत्र सुरू झाले की पेल्यातले पाणी थरथरायचे. शेवटी काळसर हिरवा, जड खडक वर आला. छिद्रातून निघालेल्या दगडाच्या प्रत्येक कांडीवर पतींनी ती किती खोलवरची हे लाल रंगाने लिहिले आणि क्रमवार पेट्या भरल्या. तोवर छातीत धूळ बसली होती. ते फार दिवस काढू शकले नाहीत.

३. सध्याचे विभागप्रमुख तेव्हा त्यांचे मदतनीस. जेवायला आमच्याकडेच असत. मी त्यांना भाऊजी म्हणे. हा ठेवा जिवापाड जपू, असे शोकसभेत तेच बोलले. खुर्ची मिळताच पेट्या गोदामातून बंगल्यावर गेल्या. कवचातले करडे दगड वाफ्यांच्या कडेला लागले. प्रावरणाचा हिरवा खडक हिरवळीला शोभतो म्हणून कारंज्याभोवती, आणि त्यातला एक मोरीचे दार आपटू नये म्हणून दाराशी. लाल आकडे विद्रूप दिसतात म्हणून माळ्याकडून घासून घेतले. मी जाब विचारला, तेव्हा म्हणाले, "वहिनी, दगडच ते. जमिनीखाली अजून पुष्कळ आहेत."

४. आता कोणता दगड किती खोलवरचा, हे सांगू शकेल असा एकच माणूस हयात आहे. प्रत्येक कांडी वर येताना जो हजर होता तो, म्हणजे स्वतः विभागप्रमुख. सबब विनंती, की सर्व दगड त्यांनीच उचलावेत, ओळखावेत आणि क्रमाने लावावेत. माळी, शिपाई किंवा जावई मदतीला देऊ नये. ते लवकरच निवृत्त होत असल्याचे समजते. काम पुरे होईपर्यंत त्यांना निवृत्त करू नये. गुडघेदुखीचा दाखला आणल्यास तो फाइलला लावावा आणि काम चालू ठेवावे. मला तिथे रोज खुर्ची टाकून बसण्याची परवानगी असावी. खुर्ची मी आणीन. ऊनपावसाची काळजी नको, माझ्यापुरती छत्री आहे.

५. मला जी शिक्षा व्हायची ती खुशाल व्हावी. परवा त्यांनी जावयाकरवी निरोप धाडला, की वहिनी म्हणत असतील तर मी माफी मागतो. तशी मुभा त्यांना कृपया देऊ नये. माफी मागितली की माणूस मोकळा होतो. त्यांना मोकळे होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

माघार न घेणारी, तरी आपली नम्र,
(सही)
दिवंगत भूवैज्ञानिकांची पत्नी

दिनांक : ११ ऑगस्ट
सोबत : नोटिशीची प्रत.