बियाण्यात ठेवलेली बावीस पाने

तीर्थरूप धनराजभाऊ यांस,

मिथुनचा मानाचा जय भीम. तुमचा गुडघा आणि चंद्रपूरचे ऊन, दोन्ही आता नरमले असतील. वहिनींचा राग (मी पुस्तकांचे कपाट उघडे ठेवून आलो होतो, त्याबद्दलचा) उतरला असल्यास कळवावे.

भाऊ, आपल्या आवडत्या रहस्यकथा लेखकाची एक्केचाळीस पुस्तके मी तुमच्या कपाटातून वाचली. बेचाळिसावे तुम्ही दिलेत तेव्हा मी आधी पाने मोजली. लेखक हयात नाहीत, म्हणजे हे शेवटचे. साखर कारखान्यातला खून, एकूण पाने २०८. मी रोज एकच पान वाचत असे (दोन वाचली, तर दुसऱ्या दिवशी उपास). तरी शेवटी बावीसच पाने उरली. घाबरून मी पुस्तक नीलामावशीकडे दिले. म्हटले, हे शेवटचे आहे, जपायचे आहे, संपवायचे नाही. मी मागितले तरी देऊ नको. आता आपल्या कुरखेड्याकडे असे जपायचे काय असते, तर बियाणे. मावशीने पुस्तक बियाण्याच्या धानात, बांबूच्या ढोलीत खुपसले, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि झाकण शेणामातीने लिंपून टाकले.

तिसऱ्याच दिवशी मी मागायला गेलो. मावशी म्हणाली, “बियानं खातेत का रे? पऱ्हे टाकाच्या दिवशी उघडीन.”

अडीच महिने, म्हणजे पावसाला धानाची रोपे टाकेपर्यंत, मी त्या ढोलीभोवती फिरलो. एकदा आत उंदीर खुडबुडला, तर मावशीला धानाची काळजी आणि मला पान १८७ ची. शेवटी पऱ्हे टाकायचा दिवस उजाडला, ढोली फुटली, पुस्तक निघाले (शेणाचा वास आहे, क्षमा असावी). मी हात पुढे केला, तर मावशीने ते पदराखाली घेतले. “एवढे दिवस राखलं म्या. माहा वाटा?” तिला वाचता येत नाही. वाटा म्हणजे वाचून दाखवणे, तेही पहिल्या पानापासून.

भाऊ, महिना झाला, आम्ही नवव्या पानावर आहोत! दर ओळीला ती थांबवते: हा कोणाचा जावई, तो जेवला काय, त्याच्या मायले कोण पाहाते. या चालीने पुस्तक दोन वर्षे संपत नाही. आनंदाने मी धानाच्या बांधीत घसरून चिखलात बसलो आणि बसल्या बसल्याच हसत राहिलो.

वहिनींना जय भीम.

आपला,
मिथुन

ता. क. हे बेचाळिसावे आहे हे मी बोलून गेलो. मावशीने वाचन बंद केले आहे. “धाकट्याचं लगन आंधी काऊन लावून राह्यला?” म्हणते. तरी आधीची एक्केचाळीस कुरखेड्याच्या एसटीने पाठवावी. शंभरी गाठली तरी मला पुरतील. वहिनींना सांगू नये.

आणखी एक. ती बावीस पाने मी ढोली फुटली त्याच दिवशी, मावशी बांधीत गेल्यावर, ढोलीमागे उभ्या उभ्या वाचली. राहवले नाही. खुनी कोण ते मला २०६ व्या पानावर कळले. मावशीने नवव्यावरच सांगितले.