आयफेलमधली निर्भय पाहणी

सोमवार, ४ मार्च
बोलीच्या पाहणीसाठी जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातल्या एका गावात दाखल. काम सोपं. घरोघरी जायचं, बटाटे सोलणाऱ्या बाईचं चित्र दाखवायचं, ही बाई काय करतेय विचारायचं, उत्तर रेकॉर्ड करायचं. आमच्या हॅनोव्हरला 'बटाटे सोलत आहे' म्हणतात. इकडे म्हणे 'सोलून राहिली' म्हणतात. शुक्रवारी माझ्या मार्गदर्शक ब्राकमान मॅडम तपासायला येणार. रेकॉर्डिंग नसेल तर फेलोशिप बंद आणि मी परत आईकडे. पण माणसं बोलती करण्यात माझा हातखंडा आहे.

मंगळवार, ५ मार्च
पहिलीच बेल. आत कुत्रं भुंकलं. पळालो नाही, झपझप चालत परतलो. घरमालकीण ओडेनथालबाई म्हणाल्या, ते मांजराएवढं आहे, वर आंधळं. बाईंना संशोधनातले धोके काय कळणार!

बुधवार, ६ मार्च
बेकरीच्या रांगेत पिशवीतून चित्र बाहेर काढलंच. बायका हसल्या. म्हणे, सालं किती जाड काढून राहिली ही, कोणाची सून आहे? मग सगळ्या माझ्याकडेच बघायला लागल्या. रेकॉर्डर खिशात, बंद. असो, मुद्द्याचं कोणी बोललंच नाही.

गुरुवार, ७ मार्च
पडदे ओढून बसलो. बेल वाजली की दिवा मालवतो. मला भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय. उद्यापासून नवी पद्धत: रेकॉर्डर ओडेनथालबाईंच्या स्वयंपाकघरात चालू, संशोधक लांब. जास्त शास्त्रीय.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी
मॅडमची गाडी आली! रेकॉर्डर लावून वर पळालो. पलंगाखालून लिहितोय. इथे एकाग्रता छान होते.

संध्याकाळी
रेकॉर्डिंग ऐकलं. मॅडमनी विचारलं, तुमचे भाडेकरू काय करत आहेत? ओडेनथालबाई म्हणाल्या, काय करून राहिला? पलंगाखाली लपून राहिला, अन् काय! मंगळवारपासून नुसता घाबरून राहिला बिचारा. मॅडम आनंदाने ओरडल्याच. पुन्हा म्हणा, म्हणे, जरा मोठ्याने.
ते वाक्य शोधनिबंधात पहिलं उदाहरण होणार. म्हणजे निबंधात मी आहेच. उरलेली घरं मात्र माझ्याऐवजी ओडेनथालबाई करणार. त्यांच्यावर कुत्री भुंकत नाहीत.
आईला फोन केला. म्हणाली, ये, तुझी खोली झाडत आहे. तू गेलास त्या सोमवारपासूनच.